फुलीवरच्या दोन खुणा

३ मार्च, सोमवार

घेतली एकदाची! बायको म्हणाली, "रायफलपेक्षा दुर्बीणच मोठी. नाकापेक्षा मोती जड!" म्हणू दे.

दुकानदारानं तीन दाखवल्या. पहिलीतली नेम धरायची फुली इतकी जाड, की चारशे मीटरवरची बशीएवढी चकती रेघेमागे अर्धी गायबच! दुसरीत झूम वाढवलं की रेघाही जाड होत जातात. तिसरी मात्र — केसासारख्या रेघा, मधे मोकळी जागा, त्यात एक बारीक ठिपका, आणि आडव्या रेघेवर वाऱ्यासाठी खुणा. चकतीही दिसते, ठिपकाही दिसतो. हीच घेतली.

धाकटी म्हणाली, "बाबा, यातल्या खुणा फक्त चोवीस झूमवर खऱ्या. झूम निम्मं केलंत, तर प्रत्येक खूण दुप्पट अंतराची भरते." म्हटलं, "अगं, तू जन्मायच्या आधीपासून घड्याळातले केसाएवढे भाग बघतोय मी. मला शिकव!" हसली बिचारी.

८ मार्च, शनिवार

सरावात पंधरापैकी तेरा! मी नेम धरतो, धाकटी शेजारी पालथी पडून स्वतःच्या दुर्बिणीतून वारा वाचते — गवत बघते, उन्हाची थरथर बघते, आणि किती खुणा कुठे धरायच्या ते सांगते. गोळी माझी, डोकं तिचं. क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, मोठ्या स्पर्धेला संघाचा वारा वाचायला हिलाच पाठवू, फक्त पुढच्या रविवारची मॅच नीट होऊ दे. तीन वर्षं पोरीनं यासाठी एक रविवार घरी काढलेला नाही. जायलाच हवी ती.

१२ मार्च, बुधवार

खांदा दुखतोय. बायको म्हणते, म्हातारचळ. असेल!

१६ मार्च, रविवार

हरलो.

बरोबरी झाली, म्हणून दोन्ही संघांना एकेक गोळी. टळटळीत ऊन. चकती पाण्यात पडल्यासारखी हलत होती. थरथर कमी दिसावी म्हणून मी झूम बारावर आणलं — तिला न सांगता. ती म्हणाली, "वारा डावीकडून. डावीकडे दोन खुणा धरा." धरल्या. गोळी चकतीच्या डावीकडे, मातीत!

सेक्रेटरी सगळ्यांदेखत तिला म्हणाले, "वारा दुप्पट सांगितलास गं." ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो. चुकलं माझं."

माझं बोट तेव्हा झूमच्या रिंगवर होतं. काय झालं ते मला कळलं होतं. आणि मी मूग गिळून गप्प!

१७ मार्च, सोमवार

सेक्रेटरींचा फोन. संघाची यादी बुधवारी पाठवणार, तिच्याऐवजी दुसऱ्या कुणाचं तरी नाव. ती "बरं" म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

लाज वाटते. आयुष्यभर बारकाव्याचं खाल्लं आणि साधी रिंग विसरला, असं लोक हसतील — म्हणून गप्प बसलो. एवढंच कारण. दुसरं बरं कारण शोधतोय, सापडत नाही.

१८ मार्च, मंगळवार

आज सांगणार होतो. नाही सांगितलं.

२० मार्च, गुरुवार

क्लबात गेलो. उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं — झूम मी फिरवलं, तिचा वारा बरोबर होता, दोष माझा! सेक्रेटरींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, यादी काल गेली. आता बदलता येत नाही."

कसा घरी आलो, माहीत नाही. उद्या तिला सांगायचं.

२१ मार्च, शुक्रवार

सांगितलं. ती भाजी चिरत होती. चिडली नाही, रडली नाही. म्हणाली, "रिंग बारावर होती ते मी तिथेच पाहिलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं नाव मी चारचौघांत कसं घेऊ? बुधवारपर्यंत वाट बघितली मी तुमची, बाबा."