भाऊबीजेचं विमान

पारनेर, भाऊबीज १९९४

सोपानदादा,

तू जाऊन वरीस झालं, तरी लिवते. लढाईचं विमान उडवनारा गावचा पयला मानूस तू. चव्वेचाळीसच्या भाऊबीजेला मळ्यावर विमान आलं, तवा तूच आलास म्हनून मी ताट वर धरून ओवाळलं. विमान पंख हलवून गेलं. जलमभर मी हेच सांगत आले, आन तू ते कदी खोडलं न्हाईस.

आज तुझ्या नातीनं, अश्विनीनं, तुझी उड्डानांची वही वाचून दाखवली. त्या दिवशी तू ब्रह्मदेशावर हुतास. विमानाला गोळ्यांची अकरा भोकं पडली, तुला ओरखडासुदिक न्हाई.

दादा, मी ओवाळलं परक्याला, आन वाचलास तू.

आजबी ताट घेऊन आभाळाकडं बघनारी,
भागिरथी