पर्डमांच्या बायबलातली सहावी ओळ

१८ मे १९३१, सोमवार

पोचलो एकदाचा! शेवटचे सहा मैल खेचरावरून. म्हणजे निम्मे त्याच्यावर बसून आणि निम्मे त्याला ओढत. केंटकीच्या डोंगरांत मी पुष्कळ भटकलोय, पण पर्डमांच्या खोऱ्याइतकं हिरवं काही पाहिलं नाही. घरात दोघंच. तिर्झामावशी (माझ्या नात्यातली नव्हे, सगळेच तिला मावशी म्हणतात) आणि तिचा धाकटा भाऊ होझी, दोघंही साठीच्या पुढचे. आल्या आल्या घेवडा, मक्याची भाकरी आणि वर काकवी. तिसऱ्या भाकरीला होझी म्हणाला, लेका, वंशावळ लिहायला आलायस की आमचं पीठ संपवायला?

काम सोपं आहे. दीडशे वर्षांपूर्वी ओबडाया पर्डम बायकापोरांसह खिंड ओलांडून इथे आला. तिथपासून आजवरची सगळी नावं शोधून एका तक्त्यावर उतरवायची. पहिल्या वसाहतवाल्यांच्या वंशजांची एक सभा आहे, तिच्याकडे तो तक्ता जाणार. शाळा मी चौथीत सोडली, पण अक्षर मोत्यासारखं, आणि मावशीने विचारलं तेवढंच. होझीकडे बँजो आहे. एक तार तुटकी, पण काय आवाज!

२० मे

बायबल पाहिलं. इकडे प्रत्येक घरात असतं तसंच, मधल्या पानांवर जन्म, लग्नं, मरणं. सरकारी कचेरीतसुद्धा जन्माचा दाखला म्हणून तेच चालतं. बायबलात आहे म्हणजे आहे. आमचं घराबरोबर जळलं. तेव्हापासून मी एमरी स्लोन, हे मी सांगतो म्हणून आणि ओहायोतली माझी बहीण नेटी सांगते म्हणून. होझी म्हणाला, मग तू अजून जन्मलाच नाहीस की रे! मला हसून ठसका लागला.

ओबडायाचा थोरला लेम्युएल. बाविसाव्या वर्षी मीठ आणायला गेला तो परतलाच नाही. आई मरेपर्यंत त्याचं ताट वाढायची. मरताना तिने घरच्यांना शपथ घातली: माझा लेम येईल, आला की त्याला माझ्याशेजारी निजवा.

पुढचं लिहिणार होतो, पण होझी मासे धरायला निघाला.

२२ मे

बायबलात लेम्युएलसाठी वेगळं पान आहे. पाच ओळी भरलेल्या, प्रत्येक पिढीत एक. सहावीवर नुसतं नाव. मावशीला विचारलं तर म्हणाली, हा आत्ताचा, तुझ्याच वयाचा, पण तारीख कुणाला ठाऊक? सभेला कोरी ओळ चालत नाही बाबा, तूच काय ते बघ.

बाहेर होझी तार लावत होता. मला कंटाळा आलेला. माझीच जन्मतारीख ठोकून दिली. ९ एप्रिल १९०९. आधी बायबलात, मग तक्त्यावर. कोण बघतंय?

मावशीने ओळ वाचली, शाईवर फुंकर घातली आणि माझं कपाळ चुंबलं. तक्ता घेऊन होझी लगेच कचेरीत गेला, सभेकडे जाण्याआधी तिथे नोंद व्हावी लागते म्हणून.

जेवताना मावशी म्हणाली, लेम, अजून घे.

२५ मे

रविवारी कबरी सजवायचा सण. सगळे नातेवाईक जमतात, फुलं वाहतात, तिथेच पंगत बसते. म्हणून टेकडीवर गवत काढायला गेलो. मधोमध ओबडायाची बायको. तिच्या एका बाजूला पाच दगड, पाचांवरही लेम्युएल पर्डम. सगळे बाविशी-तेविशीचे. खाली एकच वाक्य कोरलेलं: घरी आला.

दुसऱ्या बाजूची माती भुसभुशीत. ताजी खणलेली.

होझी कोठारात दगड कोरतोय. मी डोकावलो. ९ एप्रिल १९०९.

मी म्हणालो, होझीकाका, ही थट्टा पुरे. तो म्हणाला, थट्टा कसली? तुझ्याच हातचं आहे ना?

२६ मे

ते पान पुन्हा पाहिलं. आधीच का नाही पाहिलं! पाच ओळी, पाच वेगळी अक्षरं. आणि प्रत्येक ओळीत जन्म आणि मरण एकाच हातचं.

माणूस स्वतःच्या मरणाची तारीख लिहील कशी?

मावशीला विचारलं. घेवडा निवडता निवडता तिने सांगितलं. एक शाळामास्तर होता, एक जमीन मोजणारा, एक पुस्तकं विकायला आलेला. सगळ्यांचं अक्षर सुंदर. सगळे आमचा लेमच. आई वाट बघते रे, तिला तरी किती ताटकळवायचं?

मी ओळ खोडली. सकाळी ती पुन्हा पहिल्यासारखी होती, खोडल्याची खूणसुद्धा नाही.

२७ मे

पळालो. नदीपर्यंत धावत. नावाडी होडीत बसवेना. म्हणाला, लेम, जेवायच्या वेळेला निघालास कुठे? मावशी रागावेल. ओरडून सांगितलं, मी एमरी स्लोन! तो म्हणाला, असं? कागद दाखव.

मग याच काठावरची कचेरी गाठली. कारकुनाने माझाच तक्ता पुढे ठेवला. अक्षर तुझं ना? माझंच. मग भांडतोस कुणाशी? सगळे हसले.

होझी गाडी घेऊन बाहेर उभा होता.

२९ मे

टपालवाला आला. खिडकीतून पाहिलं, नेटीचं पत्र. मावशी म्हणाली, एमरी नावाचं इथे कुणी नाही. तो पत्र घेऊन वळला. मी हाक मारली. त्याने हात हलवला. येतो हं, लेम.

दार उघडं असतं. पाय उंबऱ्यापर्यंत जातात, मग—

३० मे

वडिलांचं नाव आठवेना. ओबडाया आठवतं. खिंडीतला बर्फ आठवतो. मिठाचं ओझं. मी तिथे नव्हतो. मी नव्हतो तिथे—

नेटी. नेटी माझी बहीण. रोज लिहायचं. नेटी—

कोण?

३१ मे, रविवार

सगळे आलेत. सफरचंदाचा केक, फुलं, गाणी. प्रत्येक जण मला मिठी मारतो. फार दिवस लावलेस रे लेम.

बायबल मांडीवर ठेवलंय. शेजारी ही वही. मावशीने शाई आणली. तारीख तूच लिही राजा, तुझं अक्षर चांगलं.

नाही म्हणालो. हात ऐकत नाही. या वहीत लिहितो तेच तिकडे उमटतंय. थांबलो तर— थांबता येत नाही.

माझं नाव एम— एम— जन्म घरचा, बायबल जळलं, बहीण— एम—

टेकडीवरून कुणीतरी हाक मारतंय. बाईचा आवाज. किती माया आहे त्यात.

३१ मे १९३