पुढच्या खोलीसह घर मुलीस

गेल्या रविवारी पुतण्या मोजपट्टी घेऊन आला आणि मी चहा गाळत असताना पुढची खोली, म्हणजे आमचा दवाखाना, मोजू लागला. "आत्या, तुझ्यानंतर इथे दुकानाचा गाळा निघेल." माझी मुलगी तिथेच एका म्हाताऱ्याची जखम बांधत होती. तिच्यादेखत म्हणाला, "हिचं काय? कुणाचं रक्त ते तरी ठाऊक आहे का?" म्हणून हे मृत्युपत्र लिहिणे भाग पडले. माझे वय झाले असले तरी डोके ठिकाणावर आहे. दबाव कोणाचा नाही. तशी हिंमत अजून कोणी केलेली नाही.

१. आधी रक्ताबद्दल. युद्धात तंबूतल्या रुग्णालयाची मी मुख्य परिचारिका होते. जखमी आला की दारातच त्याचा गणवेश कापून काढायचा, जाळायचा आणि सगळ्यांना एकसारखा पांढरा सदरा घालायचा, हा नियम माझा. सर्जन ओरडले, "सिस्टर, आपला कोण, शत्रूचा कोण, कळणार कसं?"

"ताप कुणाला आहे ते कळतं, डॉक्टर. तेवढं पुरे."

एका जखमी बाईलाही तोच सदरा घातला. ती शुद्धीवर न येताच गेली. कुशीतली तान्ही मुलगी मागे राहिली. ती कोणत्या बाजूची, मला माहीत नाही. माहीत होऊ नये अशी व्यवस्था मीच केली होती. दत्तकाचा कागद झाला नाही. तिला मी वाढवले. ती माझी मुलगी आहे.

२. हे घर माझे स्वकष्टार्जित आहे. ते पुढच्या खोलीसह संपूर्णपणे मुलीचे. तिथे जखमा फुकट बांधणे पुढे चालवायचे की नाही, हे तिने ठरवावे. मी वरून बघणार नाही.

३. बँकेतली शिल्लक तिच्या गुडघ्यांच्या उपचारासाठी आणि दवाखान्याच्या कापूस-पट्ट्यांसाठी. आधी गुडघे. ती उलट करील, म्हणून लिहून ठेवते.

४. युद्धात मिळालेले पदक पुतण्यास. पाहुण्यांना तो माझ्या युद्धाच्या गोष्टी मला न विचारता सांगतो. निदान हातात काही असू दे. गोवर आला तेव्हा तो माझ्याच मांडीवर झोपत असे, हे मी विसरलेले नाही. म्हणून आरामखुर्चीही त्यालाच.

५. पट्ट्या कापायची कात्री दवाखान्यात मदतीला येणाऱ्या धाकट्या परिचारिकेस. तिने कागद कापल्यास परत घ्यावी.

साक्षीदार: कोपऱ्यावरचे औषधविक्रेते (सही), शेजारच्या निवृत्त शिक्षिका (सही)
ठिकाण: पुढची खोली. सोमवार, दवाखाना उघडण्यापूर्वी.

पोच: घराचे कागद व सर्व किल्ल्या आजच, साक्षीदारांसमोर, मुलीच्या हाती दिल्या.

"आई, एवढी घाई कशाला? कुठे चाललीयेस?"

"कुठे नाही. आजपासून तुझ्या घरात राहते. भाडं मागू नकोस."

पोचेवरची तिची सही डोळ्यांतल्या पाण्याने फिसकटली आहे. ग्राह्य धरावी.