फूटपाथची कड

४ मार्च

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या खात्याची माणसं सोमवारपासून गल्ली उकरतायत. जुने दगड निघाले, पायऱ्या फुटल्या, घरभर धूळ. तू इंजिनिअर झालास तेव्हा मी गल्लीभर मिरवले होते, आता तीच गल्ली माझ्या नावानं बोटं मोडते!

आता कामाचं. नकाशात म्हणे फूटपाथ आणि रस्ता एकाच पातळीत आहे. अरे, मग आप्पांचं काय? डोळे गेल्यापासून नऊ वर्षं ते फूटपाथच्या कडेला काठी घासत दुकानापर्यंत जातात. नळाच्या दगडापाशी कड संपली की वळायचं, आणि दिवसभर खुर्च्या विणायच्या. मी हात धरला तर खेकसतात. एका बाजूची कड तेवढी राहू दे. तू हट्टी आहेस, ठाऊक आहे. तरी बघ.

तब्येत सांभाळ, आणि आठवण आली की चार ओळी टाक.

तुझी, ताई

११ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र तू आप्पांना वाचून दाखवशीलच, म्हणून आधी त्यांच्यासाठी. आप्पा, दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत आता एक पायरी उरणार नाही की खड्डा. ठेच म्हणून लागायची नाही.

ताई, कड ठेवता येत नाही गं. रुग्णवाहिका मोठ्या रस्त्यावर अडली आणि आईला आपण आप्पांनीच विणलेल्या खुर्चीत बसवून पायरी पायरी उतरवत नेलं, तो अर्धा तास माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. समोरच्या शिंपीणबाई चाकांच्या खुर्चीत आहेत, सहा वर्षं घराबाहेर पडलेल्या नाहीत. ती कड त्यांना भिंतच आहे. आप्पांसाठी उंचवट्यांच्या फरशांची पट्टी बसेल, काठीला लागेल अशी. पण ती महिनाअखेर. तोवर त्यांना एकटं सोडू नकोस. गाड्या आता थेट आत येतील.

माझ्यावरचा राग फार दिवस ठेवू नकोस.

तुझा, धाकटा

६ एप्रिल

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

तू परत गेलास त्याला आठवडा झाला. तोंडावर बोलता आलं नाही म्हणून लिहिते.

निघताना दारात तू विचारलंस, कड गेली, गाड्या येतात हे आप्पांना सांगितलं होतंस ना? मी हो म्हणाले. खोटं बोलले रे. आईचा उल्लेख आला की मी पत्रातला तेवढा भाग गाळते, हे आप्पा असेपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. तिचं नाव निघालं की ते दोन दोन दिवस जेवत नसत. तुझी ताकीद त्याच परिच्छेदात होती. म्हटलं, नंतर सांगू सावकाश. मग कामाच्या गडबडीत राहूनच गेलं. त्यांच्या कानात फक्त ठेच लागायची नाही एवढंच राहिलं.

आप्पा धुतलेला सदरा घालून, पोरानं केलेला रस्ता बघून येतो, असं शिंपीणबाईंना सांगून निघाले. बाई त्या दिवशी सहा वर्षांत पहिल्यांदा बाहेर बसल्या होत्या. त्या सांगतात, काठी डावीउजवीकडे कड शोधत होती आणि आप्पा रस्त्याच्या मधोमध. त्या ओरडल्या. आप्पांना वाटलं, त्या हाक मारतायत. त्यांनी हसून हात वर केला. मागून टेम्पो आला.

रुग्णवाहिका चार मिनिटांत आली, अगदी दारापर्यंत. कुठेही अडली नाही.

ताई

१९ एप्रिल

ती. ताईस, सा. न.

तू एकटीच खोटं बोलली नाहीस. फरशांआधी गाड्या कुणी सोडल्या, असं मी घरी असताना तू विचारलंस तेव्हा मी कंत्राटदाराचं नाव घेतलं. त्या कागदावर सही माझी आहे. साहेबांना घाई होती आणि मला नाही म्हणता आलं नाही.

फरशा बसल्या. तपासणीला काल मीच आलो होतो. तुझं पत्र खिशात होतं. आप्पांची काठी मी घेऊन गेलो होतो ना, ती धरली आणि डोळे मिटून आपल्या दारापासून निघालो. पट्टी नीट लागते. नळाच्या जागी बरोबर वळते. हात पुढे केला तर दुकानाच्या कुलपाला लागला.

परत फिरलो तेव्हा तू उंबऱ्यातली धूळ झाडत होतीस. हाक मारायचा धीर झाला नाही, तसाच निघून आलो.

लोभ असावा, हे कोणत्या तोंडानं मागू? तरी मागतो.

धाकटा