बोटभर फट

२ मार्च

पोहोचलो एकदाचे! ट्रकमधून अठ्ठावीस खोकी उतरली. त्यांतल्या एकोणिसांत माझी जुन्या होड्यांवरची पुस्तकं, नकाशे आणि हत्यारं; उरलेल्या नवांत आमचा छत्तीस वर्षांचा संसार. ही वाटणी पाहून ट्रकवाल्याने हिच्याकडे अशा काही दयेने पाहिलं की जणू मी हिला पळवूनच आणलं आहे. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. हिनेच दिलं.

घर मात्र अगदी मनासारखं आहे. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि तलावाकडे उघडणारी गॅलरी. खाली सबंध मजलाभर होडीघर, त्याचा सिमेंटचा उतार थेट पाण्यात गेलेला. म्हणजे माझ्या पलंगाच्या बरोबर खाली माझी होडी उभी राहणार. ऑफिसात फायली उपसताना मी ज्याची स्वप्नं पाहत होतो ते हेच.

हिचा भाऊ निरोप देताना म्हणाला, भाऊजी, तीन महिन्यांत परत याल, खोली रिकामीच ठेवतो. टायर विकणाऱ्या माणसाने लाकडाबद्दल मत द्यावं! ही रोजनिशी त्याच्यासाठीच सुरू केली आहे. चौथ्या महिन्याचं पहिलं पान त्याला मोठ्याने वाचून दाखवणार. लिहितोय अर्थात शाईच्या पेनाने. बॉलपेनने लिहिणाऱ्यांवर मी कधी विश्वास ठेवला नाही.

५ मार्च

होडी ताब्यात आली. निवृत्त मुख्याध्यापकांची. वय ऐंशी (होडीचं, मुख्याध्यापक दोन-चार वर्षांनी लहान असावेत). अठरा फूट लांब, एकाच झाडाच्या फळ्या, तांब्याचे खिळे, आणि पुढच्या टोकाची ती चढती रेघ! पाहून मी तिच्या कडेवरून दोनदा हात फिरवला, खोटं कशाला सांगू.

पण काय हाल करून ठेवले आहेत तिचे! मागच्या बाकाला सुतळीने पत्र्याचा डबा बांधलेला. तळाशी, मागच्या टोकाला, दोन फळ्यांमध्ये बोटभर लांबीची फट. तिच्यातून पाणी आत येतं आणि हे गृहस्थ ते डब्याने उपसतात. चाळीस वर्षं रोज सकाळी उपसतो, असं वर अभिमानाने सांगितलं. चाळीस वर्षांत एक फट बुजवायचं सुचलं नाही, आणि यांनी गावची पोरं शहाणी केली.

मी सुतळी कापून डबा त्यांच्यादेखत कचऱ्यात टाकला. डबा हिने मागाहून उचलून घरी आणला. चांगला आहे म्हणे, झाडांना पाणी घालायला होईल.

८ मार्च

एकट्या मुख्याध्यापकांना बोलून उपयोग नाही, सगळं गावच तसलं. सकाळी सात वाजता गॅलरीत चहा घेऊन बसलो तर धक्क्यावर पोस्टमास्तर, डॉक्टर, बेकरीवाला, झाडून सगळे डबे घेऊन उपसताहेत. प्रत्येक होडीला त्याच जागी तीच बोटभर फट! आणि सगळं पाणी काढत नाहीत. तळाला थोडं ठेवतात, बाळाच्या दुधासारखं मोजूनमापून. एकाने होडी काठावर घेतली होती, तर तो तिच्यात बादलीने पाणी ओतत होता. मी कपाळावर हात मारून घेतला.

गावात होड्यांचा सुतार एकच. खिळे तोंडात धरून बोलतो म्हणून मी त्याचं नाव खिळेतोंड्या ठेवलं आहे. त्याला मुद्दाम गाठून विचारलं. म्हणाला, साहेब, ती फट बुजवू नका. होडीला रोज आतून पाणी लागतं. आपण दिलं तर आपल्या हातचं पिते आणि गप राहते. नाही दिलं तर आपलं आपण घेते. कुठून घेते, असं विचारल्यावर त्याने तोंडातला एक खिळा काढून ठोकायला घेतला.

लाकूड सुकलं की आकसतं, भिजलं की फुगतं. चौथीच्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट, तिचं यांनी भूत करून ठेवलं. घरी येईपर्यंत मी हसू आवरून धरलं होतं. खरं म्हणजे त्याच्यासमोरच हसलो.

१६ मार्च

फत्ते! होडी उतारावरून ओढून आत घेतली, चार लाकडी ठोकळ्यांवर बसवली, आठवडाभर कडक सुकवली. मग फटीत कापसाची दोरी ठासली आणि आतून-बाहेरून रेझिनचे तीन हात दिले. आता पाण्याचा थेंब इकडचा तिकडे जायची सोय नाही.

दरम्यान शेजारीण जिना चढून हिच्याकडे आली होती. बाईंचा चेहरा असा की जणू आमच्या घरात कोणी आजारी आहे. भांडंभर पाणी तरी होडीत ठेवत जा, असं हिच्या कानाशी लागून सांगून गेली. मला सांगायची छाती झाली नाही. हिने मला विचारलं, ठेवायला काय हरकत आहे? म्हटलं, तू स्वयंपाकघर सांभाळ.

२६ मार्च

दहा दिवस झाले. होडीने कोणालाही खाल्लेलं नाही, याची नोंद असावी. धक्क्यावर लोक माझ्या घराकडे पाहतात आणि आवाज खाली आणतात. मी गॅलरीतून हात करतो. पोस्टमास्तरने तर परवा रस्ताच बदलला.

ही मात्र बरीच रमली आहे. शेजारणीकडे जाते, गॅलरीत कुंड्या लावल्या आहेत, सकाळी माझ्याआधी उठते. इथे येताना महिनाभर तोंड फुगवून बसलेली बाई ती हीच का, असं वाटतं. संध्याकाळी माझा हात धरून धक्क्यापर्यंत आली. बरं वाटलं.

३१ मार्च

हद्द झाली. सकाळी लवकर जाग आली म्हणून खाली गेलो, तर ही होडीत वाकून उभी. हातात तोच पत्र्याचा डबा! मी फट बुजवली त्या दिवसापासून ही रोज डबाभर पाणी ओततेय. माझ्या तीन हातांच्या रेझिनवर! आणि बरोबर त्या फटीच्या जागी. मी म्हटलं, मग ते पाणी गेलं कुठे? होडीचा तळ तर कोरडा ठणठणीत आहे. ही म्हणाली, तेच तर. ओतलं की जातं.

मग मी फार बोललो. आयुष्यभर अडाण्यांत राहिलो, घरातही तेच निघालं, असंही बोललो. ही रडली नाही. अहो, तुमचं सगळं ऐकलं, इथवर आले, माझं हे एवढं ऐका, म्हणाली. मी होडीघराला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. डबा तलावात भिरकावला.

४ एप्रिल

हवा कोरडी झाली असावी. टेबलावरचा पाण्याचा जग जेवणाआधी भरला तर जेवण होईपर्यंत अर्धा. बेकरीचा पाव तासाभरात फळीसारखा कडक होतो. साबणाला भेगा पडल्या. हिच्या कुंड्या चार दिवसांत जळाल्या.

हिला सारखी तहान लागते. ओठ फुटले आहेत. भावाला फोन करू का, असं विचारत होती. सांगितलं, जेमतेम महिना झालाय, कुठल्या तोंडाने करणार? तुझ्या की माझ्या?

७ एप्रिल

डॉक्टरकडे नेलं. हा तोच, सकाळी होडी उपसणारा. हिची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली. पाणी किती पिता, विचारलं. दिवसाला दोन बादल्या, ही म्हणाली. त्याने सलाइन लावलं, बाटली बघता बघता रिकामी झाली, हिचे ओठ तसेच कोरडे. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, होडीला पाणी कोण घालत होतं?

एवढा शिकलेला माणूस! हिला उठवून घरी घेऊन आलो. शहरातल्या चांगल्या डॉक्टरला दाखवू. पुढच्या आठवड्यात.

१० एप्रिल

हिच्या तळहातांना भेगा गेल्या आहेत. वाकड्यातिकड्या नाहीत. सरळ, समांतर, फळ्यांच्या सांध्यांसारख्या. रक्त येत नाही. बोलते तेव्हा जीभ टाळूला चिकटते, तो आवाज मला पलीकडच्या खोलीत ऐकू येतो.

खाली जाऊन आलो. होडी ओली आहे. आठवडाभर बंद खोलीत, ठोकळ्यांवर, तीन हात रेझिनखाली — आणि ओली. फळ्या काळ्याभोर, भरदार झाल्या आहेत. रेझिनवर थेंब फुटले आहेत. तलावाचं पाणी झिरपलं म्हणायचं, तर तलाव गोड्या पाण्याचा. मी एक थेंब जिभेवर घेतला.

खारट होता. आणि कोमट.

वर आलो तर ही रडत होती. डोळ्यांत काही नव्हतं.

११ एप्रिल

खिळेतोंड्याकडे गेलो. हो, मीच गेलो. तो हसेल असं वाटलं होतं, हसला नाही. होडी पाहिली, हात लावला नाही. ज्याच्या हातचं पाणी घ्यायची सवय लागते, त्याच्याकडूनच ती घेते, म्हणाला. बाईंना आत्ताच्या आत्ता इथून न्या, तलावाच्या पार पलीकडे, जमेल तितकं लांब.

न्यायचं म्हणजे हिच्या भावाकडेच. दुसरं आहे कोण? चाळीस दिवसांत! तो दारातच उभा असेल, दात काढून. त्यापेक्षा फट मीच बुजवली आहे, मीच उघडीन. एका दिवसाचं काम. उद्या सकाळी पटाशी घेऊन बसतो.

१२ एप्रिल

पटाशी शिरत नाही. फट कुठे होती तेच सापडत नाही, लाकूड एकजीव झालंय. दोन पटाश्या मोडल्या. बादल्यांनी पाणी ओतलं, काठोकाठ. तसंच उभं आहे, थेंब कमी होत नाही. माझ्या हातचं तिला नको.

दुपारी कुऱ्हाड घातली. एकच घाव. लाकडाच्या आतून पाणी आलं — कोमट — आणि वर ही किंचाळली.

दुसरा घाव घातला नाही. घालवेना.

हिच्या भावाला फोन केला. काही विचारलं नाही त्याने. निघतो म्हणाला. परवा पोहोचेल.

१३ एप्रिल, सकाळ

हिला उचललं. वाळक्या पानांचं गाठोडं उचलावं तसं. गाडी आणली होती, दारात उभी होती — जिन्यावर म्हणाली, खाली न्या. खाली ओल आहे, तिथे बरं वाटतं. मी नाही म्हटलं. मग म्हणाली, अहो, एवढं तरी ऐका.

ऐकलं. पहिल्यांदाच ऐकलं आणि तेही —

सगळं पाणी उपसून हिला होडीत निजवलं. डोळे मिटले. हसली असं वाटलं. डॉक्टरला आणायला धावलो, वीस मिनिटं, जास्त नाही —

दुपार

होडीत हिची शाल आहे. कपडे आहेत. बांगड्या आहेत. कपडे घडी घातल्यासारखे सपाट.

डॉक्टर दारातूनच परत गेला. माझ्या खांद्यावर हात ठेवला फक्त.

खालचा एक ठोकळा मोडला. होडी जड झाली आहे.

१४ एप्रिल

रडू येतंय. पाणी येत नाही.

जग भरून ठेवला. रिकामा. परत भरला.

परवा होडीत बादल्या ओतल्या त्या मीच. माझ्या हातची — आता कळलं, सवय कशी —

पेन तिसऱ्यांदा भरलं. दौत सकाळी भरलेली होती, तळाला निळी पूड आहे. लवकर लिहितो. गाडी दुपारी येते. हिच्या भावाने वर यायच्या आधी हे वाचावं, दारातच ठेवतो. होडीघरात जाऊ नकोस. होडीला काही देऊ नकोस. डोळे पूस आणि मग आत ये — नको, येऊच नकोस.

तुला वाचून दाखवणार होतो. चौथ्या महिन्याचं पहिलं पान. हसू नको.

हात चिरतोय, सरळ रेघेत. शाई उमटत नाही, जोर देऊन लिहितो. एकच वाक्य राहिलंय, कधी कुणाला म्हटलं नाही, हिलासुद्धा. हिचं बरोबर होतं, आणि चूक मा