पेट्रोलचा कॅन तळघरात न हलविण्याबाबत

प्रति,
मा. निरीक्षक, अग्निप्रतिबंध व नागरी सुरक्षा
श्री. झिनोवी प्रिस्तूपा यांस,
नगर परिषद, खोली क्र. ७,
स्तारी तेरेनोवेत्स

अर्जदार: मागदालिना बोकोतेइ, वय ६८, निवृत्त भांडारपाल, वरची आळी, घर क्र. ३१

विषय: घरगुती जनरेटरचे पेट्रोल तळघरात ठेवण्याच्या आदेशाबाबत व जनरेटरला लावलेल्या सीलबाबत.

संदर्भ: १) आपला आदेश क्र. ११८, दि. १४ नोव्हेंबर. २) आपलेच पत्र क्र. १२६, दि. २२ नोव्हेंबर. ३) आपलेच प्रमाणपत्र क्र. ९, दि. ३ मार्च, ज्याचा आपणांस विसर पडलेला दिसतो.

महोदय,

१. अर्जदार ही येथील सामूहिक शेतीच्या इंधन भांडारावर एकतीस वर्षे भांडारपाल होती. भांडार बंद पडले, परंतु कधी जळाले नाही. ही फुशारकी नव्हे. दि. १४ रोजी आपण अर्जदाराच्या अंगणात उभे राहून पेट्रोल पेट घेते ही माहिती तिला पंचवीस मिनिटे समजावून सांगितलीत, म्हणून नमूद करावे लागत आहे.

२. अर्जदाराचे पती श्तेफान यांनी लाकूड गिरणीत अडतीस वर्षे भुसा गिळला. आता त्यांची फुप्फुसे काम करीत नाहीत. हवेतला प्राणवायू गोळा करून नळीने नाकात सोडणाऱ्या यंत्रावर ते जगतात. यंत्र विजेवर चालते. आमच्या आळीची वीज वेळापत्रकानुसार सकाळी आठ ते बारा व दुपारी तीन ते सात अशी जाते. कधी वेळापत्रकाबाहेरही जाते आणि त्याचे कारण सर्वांस ठाऊक आहे. यंत्राची बॅटरी सव्वा तास पुरते. त्यानंतर श्तेफान यांचे ओठ निळे पडू लागतात. सबब घरात जनरेटर आहे. हौस म्हणून नाही.

३. पेट्रोल कशात व कुठे ठेवावे याचा अर्जदाराने आपण जन्मण्याच्या आधीपासून विचार केलेला आहे. रबरी वायसर असलेला वीस लिटरचा पोलादी कॅन. त्यात अठराच लिटर, कारण पेट्रोल फुगते व त्यास जागा लागते. कॅन भरताना तो जमिनीवर ठेवायचा, गाडीच्या डिकीत नाही. वर भरल्याचा महिना रंगाने लिहिलेला, जुने आधी वापरायचे. जनरेटर थंड झाल्याखेरीज त्यात थेंबही ओतायचा नाही. कॅन राहतो घरापासून चौदा पावलांवरच्या फळ्यांच्या खोपटात. फळ्यांमधून वारा आरपार जातो, दाराला कुलूप आहे, खाली वाळू आहे. याहून चांगली व्यवस्था या गावात कुणाची असल्यास आपण ती दाखवावी. अर्जदार पायी येऊन पाहील.

४. दि. १४ रोजी आपण खोपटात डोकावलात आणि म्हणालात, "मावशी, हे चालणार नाही. इंधन थंड जागी ठेवायचं असतं. तळघर आहे ना तुमचं? तिथे ठेवा." अर्जदाराने सांगितले की पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते व खोलगट जागी साचून राहते. तळघर म्हणजे घराखालचा खड्डाच. तिथे एक काडी ओढली की बटाटे, काकड्यांच्या बरण्या आणि वरचे घर एकदमच आभाळात जाईल. त्यावर आपले उत्तर जसेच्या तसे देत आहे: "मावशी, तुमचं खरं असेल हो, पण कागदावर 'थंड जागा' लिहिलंय." डिसेंबर तोंडावर आला होता. खोपटात कोंबडीच्या भांड्यातले पाणी गोठलेले होते. याहून थंड जागा आपणांस कुठली हवी होती, हे अर्जदारास आजतागायत समजलेले नाही.

५. त्याच दिवशी आपण शेजारी युरको हलास यांची व्यवस्था "आदर्श" म्हणून वहीत नोंदविलीत. युरको यांचे पेट्रोल पिण्याच्या पाण्याच्या सहा-सहा लिटरच्या प्लास्टिक बाटल्यांत, चुलीपासून दोन हातांवर असते. बाटल्यांची पोटे सुटलेली आहेत. मात्र प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरांत "पेट्रोल" अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे. चिठ्ठी पाहून आपण प्रसन्न झालात. आपण गेल्यावर युरको कुंपणाशी येऊन म्हणाला, "मागदाताई, खरं सांगू का, मला वाटलं होतं आता हा माझं सगळं उचलून नेणार. मीच घाबरलो होतो!" ज्याला स्वतःला भीती वाटते त्याला आपण शाबासकी देता, यावरून आपल्या परीक्षेचा दर्जा ध्यानात यावा.

६. अर्जदाराच्या दि. १७ च्या अर्जावर आपले पत्र क्र. १२६ आले. त्यात आदेश कायम ठेवून पुढे म्हटले आहे की, ज्या तळघरात इंधन साठविले आहे तेथे "कोणत्याही कारणास्तव कोणाही व्यक्तीस प्रवेश देऊ नये व दारास कुलूप लावावे." उत्तम. आता प्रमाणपत्र क्र. ९ काढून पाहावे. त्यात याच तळघरास आळीतील अकरा व्यक्तींचे आसऱ्याचे ठिकाण ठरविले असून, हवाई हल्ल्याचा भोंगा वाजताच या अकरा व्यक्तींनी तेथे उतरावे व दार "कदापि कुलूपबंद नसावे" असे बजावले आहे. दोन्ही कागदांवर सही एकाच झिनोवी प्रिस्तूपांची आहे. शाईही तीच, निळी. म्हणजे भोंगा झाल्यावर अकरा माणसांनी उघड्या दाराला लावलेले कुलूप न काढता आत जावे, मेणबत्ती लावावी आणि पेट्रोलच्या वाफेत बसावे, अशी आपली योजना दिसते. त्या अकरांमध्ये युरकोची सून आहे व तिचे चार महिन्यांचे मूल आहे. शत्रूला आमच्या आळीसाठी वेगळी तसदी घेण्याची गरज आपण ठेवलेली नाही.

७. सदर विसंगती दाखविण्यास अर्जदार दि. २८ रोजी खोली क्र. ७ मध्ये आली. आपण दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलेत. अर्जदारास क्षणभर आशा वाटली. मग आपण म्हणालात, "ही दोन वेगळी खाती आहेत, मावशी. ते मी मार्चमध्ये दुसऱ्या खात्याच्या वतीने दिलं होतं." अर्जदाराने अनेक अधिकारी पाहिले. खोटे बोलणारे होते, दारू पिणारे होते, भांडारातून डबे पळविणारेही होते. परंतु स्वतःच्याच सहीला न ओळखणारा तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

८. आदेश न पाळल्यामुळे दि. ९ डिसेंबर रोजी दुपारी एक वाजता आपण येऊन जनरेटर सुरू करण्याच्या दोरीला तार व शिशाचे सील लावलेत. श्तेफान पलंगावरून मला म्हणाले, "मागदा, ओरडू नकोस त्याच्यावर. थंडीत आलाय, चहा दे." मी दिला. आपण दोन कप प्यालात. यंत्राकडे बोट करून "हे काय असतं?" असेही विचारलेत आणि उत्तर ऐकून "अरेरे" म्हणालात. सील मात्र काढले नाहीत.

९. त्याच दिवशी वीज तीन वाजता गेली. सव्वाचारला बॅटरी संपली. चार वीसला श्तेफान यांची नखे निळी दिसली. अर्जदाराने पक्कड घेतली, अंगणात जाऊन तार कापली आणि जनरेटर सुरू केला. दुसऱ्या ओढीला लागला. मी परत आले तेव्हा श्तेफान नळी धरून विचारत होते, "आता तुला पकडून नेतील का गं?" मी म्हटले, "आधी श्वास घ्या, मग काळजी करा." पक्कड आता पलंगाखालीच ठेवली आहे, हे आपल्या माहितीसाठी लिहिते.

१०. सबब हा अर्ज परवानगीसाठी नाही. कॅन खोपटातच आहे व तेथेच राहील. सील मोडल्याबद्दल जी कारवाई करावयाची ती अवश्य करावी. मात्र नवीन सील लावावयाचे असल्यास आपण स्वतः दुपारी तीन वाजता, वीज गेल्यावर यावे. जनरेटर आपल्या हातांनी बंद करावा. श्तेफान यांच्या पलंगाजवळ खुर्ची ठेवली आहे. सात वाजेपर्यंत तीवर बसावे आणि त्यांच्याकडे पाहत राहावे. मध्येच उठून बाहेर जाता येणार नाही. दारात मी उभी असेन.

आपली आदेश मोडलेली,
(सही)
मागदालिना बोकोतेइ
दि. १० डिसेंबर

सोबत:
१) आदेश क्र. ११८, पत्र क्र. १२६ व प्रमाणपत्र क्र. ९, एकाच टाचणीने जोडलेले, जेणेकरून ते यापुढे वेगळे पडू नयेत.
२) डॉक्टरांचा दाखला.
३) शिशाचे सील एक, तारेसह, कापलेले.