तिसरा पुकारा

पप्पा, मागच्या आठवड्यात मी तुम्हाला लिहिलं होतं की कामगार कोर्टाचा प्रश्न विधानसभेत विचारला गेला. ते चूक होतं. प्रश्न पुकारला गेला, विचारला गेला नाही. त्या दिवशी मी साहेबांच्या वाशीच्या ऑफिसात बसले होते. त्यांच्या पीएचा मेसेज आला, 'झालं'. त्यावर विश्वास ठेवून मी संध्याकाळी तुम्हाला आनंदाने लिहून टाकलं. ते पत्र वहीतच आहे, तुम्ही गेल्यापासून लिहिलेलं तुमच्यापर्यंत काही पोचत नाही हे मला कळतं. तरी खोटी गोष्ट तुम्हाला सांगून झाली आहे या विचाराने जेवण जात नाही.

साहेब म्हणजे आमदार, मी त्यांच्यासाठी प्रश्न लिहून द्यायचं काम करते. हा प्रश्न मी मन लावून लिहिला होता. सरकारी हॉस्पिटलात कंत्राटावर सफाई करणाऱ्या बायकांना ठरलेला पगार मिळत नाही म्हणून त्या कोर्टात गेल्या. तुम्ही ज्या कोर्टात पट्टेवाला होता, त्याच कोर्टात. तिथे आता न्यायाधीशांची जागा रिकामी आहे, स्टेनो नाही. बायका येतात, बाकावर बसतात आणि पुढची तारीख घेऊन जातात. सरकार म्हणतं, माणसं नेमायला पैसे नाहीत. त्याच सरकारला चौकात रंगीत कारंजी उडवायला पैसे आहेत. कंत्राटदाराला पूर्ण रक्कम जाते, मग बायकांच्या हातात ती का पडत नाही, आणि त्यांनी दाद मागायची कुठे, एवढंच मी विचारलं होतं. आपल्या शेजारच्या खोलीतली काकू त्या बायकांपैकीच. विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीचा एक पास मिळाला होता, तो मी तिला दिला. तिने खाडा केला आणि पेटीतली साडी नेसून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळावर भेटली. मी हसत विचारलं, "ऐकलंस ना काकू, काय म्हणाले साहेब?"

"काय म्हनतील? तुझं साहेब खुर्चीत न्हवतंच की. त्या वर बसलेल्यानं नाव घेतलं, कोन उठलं न्हाई, गेला म्होरं." तिने भरलेली कळशी बाजूला घेतली. मग म्हणाली, "एकदाच घेतलं गं नाव. मला वाटलं, परत घेतील."

परत घेतील, असं वाटणारं माणूस मला तुमच्यानंतर पहिल्यांदा भेटलं.

आपली हीच घणसोलीतली खोली, मी लहान असतानाची. माझा जन्मदाखला गावाकडे अडकलाय, शाळेत नाव घातलेलं नाही, आणि तुम्ही संध्याकाळी कोर्टातून उद्याचा बोर्ड घेऊन येता. उद्या कोणाकोणाचे दावे आहेत त्याचा तो कागद. आई कणीक मळते, तुम्ही भाजी निवडता आणि मी ओट्याखाली बसून एकेक नाव वाचते. माझी मुळाक्षरं त्या नावांमधून झाली. एखादं नाव अवघड असलं की तुम्ही ते चार वेळा घोळवता. म्हणता, नाव नीट पुकारलं नाही तर माणूस उठत नाही, त्याला वाटतं दुसऱ्याला बोलावलं. दोरीवर तुमचा लाल पट्टा वाळत असतो. एकदा मी तो खांद्यावर घालून आईला पुकारलं. ती बाहेर वाळलेले कपडे काढत होती. मी म्हटलं, "गैरहजर," आणि तिच्या ताटातला पापड उचलला. तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हता, त्या दिवशी ओरडलात. "तीनदा. आणि दर वेळी थांबायचं. माणूस जिन्यावर असतं." पापड परत ठेवायला लावलात. तुम्ही स्वतः तिसऱ्यांदा पुकारायच्या आधी जिन्याच्या कठड्यापर्यंत जाऊन खाली बघायचात, वकील हसायचे तरी.

सभागृहाचं रेकॉर्डिंग मी शोधून पाहिलं. काकूच्या शब्दावर नाही, माझ्या कानांवर माझा भरवसा नव्हता म्हणून. ती म्हणाली तसंच होतं. नाव, रिकामी खुर्ची, पुढचं नाव. त्याच्या जरा आधी साहेब उठून बाहेर जाताना दिसतात. दारात कोणाशी तरी बोलून हसतातही.

पीएला विचारलं, "दादा, साहेब बाहेर का गेले?"

"फोन होता."

"नेमका तेव्हाच?"

"तू लय मनाला लावून घेतेस, ताई. विचारलेला प्रश्न एका दिवसात शिळा होतो. न विचारलेला वर्षभर कामाला येतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आपल्या रविवारच्या मेळाव्याचं जेवण त्याच कंत्राटदाराकडून आहे. गुलाबजामपण. टेन्शन नको घेऊ."

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं ते प्रेसनोटसाठी. 'न्यायासाठी आणि कष्टकऱ्यांच्या पगारासाठी सभागृहात आवाज उठवला' असं हवं होतं. मी म्हटलं, "साहेब, उठवला असं कसं लिहू?" ते रागावले नाहीत. "प्रश्न माझ्या नावाने छापलाय ना? मग उठवला. तुझ्या लिहिण्यात धार आहे, बेटा, ती इथे वापर." त्यांच्या पाठीमागे भिंतीवर सफाईवाल्या बायकांचे हात हातात घेतलेला त्यांचा फोटो आहे. तो काढला तेव्हा मी होते. गाडीत बसताच त्यांनी ड्रायव्हरकडून सॅनिटायझर मागून घेतलं आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसल्या. त्या दिवशी मला ते स्वच्छतेचं वाटलं होतं. आता तो वास नाकातून जात नाही. उघड चोराची भीती वाटते, चीड येते. ह्या माणसाची किळस येते, कारण तो काकूचंच दुःख पाठ करून, माझ्याच वाक्यांत, तिलाच ऐकवतो आणि टाळ्या घेतो. प्रेसनोट मी अजून दिलेली नाही. तब्येतीचं कारण सांगितलं आहे. तेवढं एक खोटं झालं.

मेळावा खारघरच्या हॉलमध्ये आहे. सूत्रसंचालन माझ्याकडे दिलंय, आणि साहेबांच्या खांद्यावर शाल घालायला काकूला निवडलंय. तिला मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मी घालीन की. पन आधी इचारीन, बाबा, त्या दिवशी कुटं होतास." तिला विचारू देणार नाहीत, माईक तिच्या हातात नसेल. माझ्या हातात असेल. मी लिहिलेला विधानसभेचा तो प्रश्न सगळ्यांसमोर वाचेन आणि साहेबांचं नाव पुकारेन. थांबेन. परत पुकारेन. ते समोरच्याच खुर्चीत असतील, जिन्यावर बघायची गरज पडणार नाही.

आईला सांगितलं. ती आधी म्हणाली, "नोकरी गेली तर खोलीचं भाडं?" मग भांडी आवरून झाल्यावर म्हणाली, "ते थांबायचे तसं थांब मधी. घाईत नको म्हनू."

एक कबूल करते, पप्पा. रोज बादलीत नळ सोडून न्हाणीत सराव करते. दोनदा नीट येतं, तिसऱ्यांदा आवाज फुटत नाही. आज गुरुवार आहे. पुकारायचं आहे ते रविवारी.